पाळण्याचा व्हिडिओ

पापडी, १६ नोव्हेंबर २०२५

चि. उन्नती,

यापुढे 'अनेक आशीर्वाद' लिहायचे असतात. लिहिले आणि खोडले. आशीर्वाद द्यायला माणूस आधी त्या लायकीचा असावा लागतो.

तू म्हणशील, बाबांचं डोकं फिरलं. दर रविवारी फोनवर बोलतो आपण, मग पापडीहून नायगावला टपाल कशाला? तर हे सगळं तुझ्या नवऱ्याचं काम आहे. निमिष दिवाळीत एकटाच येऊन गेला ना, तेव्हा जाताना माझ्या हातात एक वही ठेवून गेला. म्हणाला, "बाबा, फोन घ्यावासा वाटला की आधी यात लिहायचं, कशासाठी घेतोय ते. लिहून झाल्यावरही घ्यावासा वाटला तर खुशाल घ्या." जावयाने सासऱ्याला असं सांगावं म्हणजे पाणी कुठवर आलं असेल बघ. जेवताना माझा डावा हात फोनवर होता आणि उजवा हात पाण्याच्या भांड्यात भात शोधत होता. त्याने ते पाहिलं. हसला नाही, हे जास्त लागलं.

वही लिहायला घेतली आणि माझी मलाच लाज वाटली. 'सकाळी. कारण : श्रीपतने ग्रुपवर काय टाकलं ते बघायला.' श्रीपत रोज गुलाबाचं फूल टाकतो. पिवळं असलं तर गुरुवार. हे न बघताही मला माहीत आहे. 'चहा झाल्यावर. कारण : श्रीपतच्या फुलाला कोण काय म्हणालं ते बघायला.' 'अंघोळीआधी. कारण : माहीत नाही.' हे 'माहीत नाही' सगळ्यात जास्त वेळा आलंय. शेवटी म्हटलं, पेन हातात आहेच तर कोणाला तरी काही कामाचं लिहावं. तुझ्याशिवाय कोणाचं नाव आलं नाही.

पाळण्याच्या व्हिडिओबद्दल मी दवाखान्यात तुझी माफी मागितली आणि तू 'असू दे बाबा' म्हणालीस. मी सुटलो. तुझी आई सुटली नाही. गणपतीनंतरच्या त्या दिवसापासून तू तिच्याशी एक शब्द बोललेली नाहीस. रविवारी मला विचारतेस, "बाबा, बरे आहात ना?" आणि मी "आईला देऊ का?" म्हटलं की तुला एकदम काहीतरी काम आठवतं. आई दाराशी उभी असते. हातात एखादं फडकं घेऊन, काहीतरी पुसत असल्यासारखी.

तुला दोष देत नाही. मी कोणाला दोष देणार!

तुझा बाबा


पापडी, २३ नोव्हेंबर

उन्नती,

आज फोनवर म्हणालीस, "पत्र मिळालं बाबा. तुमचं अक्षर अजून किती छान आहे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्षर चांगलं असून काय करायचंय?

त्या व्हिडिओचं आज नीट लिहितो. माफी मागताना मी 'चूक झाली' एवढंच म्हटलं होतं. काय केलं ते सांगितलं नव्हतं.

तू गोड बातमी दिलीस तेव्हा बजावलं होतंस, तिसरा महिना सरेपर्यंत कोणाला बोलायचं नाही. आईने ओठ शिवून घेतले. मी दोन दिवस कळ काढली. मग माळ्यावरचा पाळणा खाली घेतला. मी त्यात झोपलोय, तू झोपलीस. त्याच्यावरच्या लाकडी राघूंचे रंग उडाले होते, एका साखळीची कडी निसटली होती. शेजारचा फ्रान्सिस पॉलिशपेपर घेऊन मदतीला आला. घासता घासता म्हणाला, "विलासभाऊ, तुमच्यात एवढ्या लवकर काढतात पाळणा?" मी म्हटलं, "अरे, नुसता साफ करतोय." त्याने माझ्याकडे बघितलं आणि तो पुन्हा घासायला लागला.

पाळणा ओटीवर टांगला आणि एक झोका दिला. राघू डोलायला लागले. इतका सुरेख दिसला गं, की मी फोन काढला. आई आतून धावत आली, "अहो, रिकामा पाळणा हलवू नका!" तिचं ओरडणं व्हिडिओत आलं होतं, तेवढं कापून टाकलं. आणि दिला स्टेटसला. ग्रुपवरही टाकला. खाली एक अक्षर लिहिलं नाही. म्हणजे मी दिलेला शब्द मोडला नाही, कोणाला काही सांगितलं नाही, अशी माझी मीच समजूत घातली. वकिली शिकायची असेल तर माझ्याकडे यावं.

न सांगता सगळ्यांना कळलं. कळावं म्हणूनच टाकला होता. 'विलासराव, पेढे कधी?' 'आजोबा, आता वाडीत फेऱ्या मारायला तयार राहा.' रिटायर झाल्यापासून मला कोणी एवढं विचारलं नव्हतं, उन्नती. मी एकेकाला उत्तर देत बसलो. एकाला दिलेला विनोद दुसऱ्याला चालत नाही, म्हणून नवा शोधत होतो.

झोका दिल्याने काही होत नसतं, हे डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलंय. मला पटतं. तरी पाळणा परत माळ्यावर चढवताना मी फ्रान्सिससमोर रडलो. पण तू दवाखान्यातून घरी आलीस आणि लोकांनी तुला फोन करून पेढे मागितले, त्याला कुठली डॉक्टरीण काय करणार? ते माझंच. करायला गेलो गणपती आणि झालं माकड, असं लोक हसत म्हणतात. मला हसू येत नाही.

एवढं लिहिलं तेव्हा वाटलं होतं की बरं वाटेल. वाटलं नाही.

बाबा


पापडी, ७ डिसेंबर

उन्नती,

तर बंगळुरू ठरलं. निमिषला बढती मिळाली, चांगलं झालं. तू सांगितलंस तेव्हा मी 'अरे वा' म्हटलं, आवाज पुरेसा मोठा झाला होता का? संक्रांतीच्या आत निघणार म्हणालीस. "जाण्याआधी घरी येशील ना?" विचारलं तर म्हणालीस, "बाबा, तुम्हीच या इकडे. तुम्ही एकटे."

फोन ठेवल्यावर आईने विचारलं, "काय म्हणाली?" मी बंगळुरूचं सांगितलं. मग म्हटलं, "तुझी चौकशी करत होती." आई म्हणाली, "खोटं बोलताना तुम्ही कान खाजवता." आणि आत गेली.

थोड्या वेळाने बाहेर आली ती वाडीतल्या राजेळी केळ्यांचे घड बघायलाच. सुकेळी करायची म्हणते, तुला बरोबर न्यायला. तिकडे मिळत नाहीत म्हणाली. मी म्हटलं, "अगं, ती घेईल का?" तर म्हणाली, "तुमच्या हातून घेईल." तुला माहीत आहे ना किती निगुतीचं काम. केळी सोलायची, गच्चीवर मांडायची, उन्हाबरोबर उलटत राहायची, कावळे हाकायचे, दिवस मावळायच्या आत सुकी पानं घालून झाकायची. दिवसच्या दिवस. आणि मान वर केली की संपलं. ती मान वर करत नाही. मी शेजारी वही घेऊन बसतो.

वहीचं सांगायचं राहिलं. निमिषला सांग, उपाय लागू पडलाय. ग्रुपचं ॲडमिनपण श्रीपतच्या गळ्यात घातलं. स्टेटस बघणं सुटलं. पण वहीने एक वाईट केलं. पूर्वी 'कारण : माहीत नाही' लिहायचो ना, आता कारण कळायला लागलंय. हातात फोन नसला की तुला दवाखान्यात नेलं ती दुपार माझ्यासमोर येऊन बसते. फोन घेतला की उठून जाते. त्यासाठी मी फोन घेत होतो. दवाखान्यातून आल्यापासून तर जास्तच. आता फोन लांब, आणि ती बसलीय. हलत नाही.

तू आज आणखी एक म्हणालीस, "बाबा, तुम्ही निदान कबूल तरी करता. आईने एकदाही सॉरी म्हटलं नाही."

त्या दुपारी फोन कोणाच्या हातात होता, हे तू मला विचारलं होतंस आणि मी उत्तर दिलं होतं. त्याबद्दल पुढे लिहितो. आता वाडीत पाणी सोडायचं आहे.

बाबा

ता. क. पाणी काल सोडून झालंय. उगाच लिहिलं.


पापडी, १९ डिसेंबर

उन्नती,

फोन आईच्या हातात नव्हता. माझ्या हातात होता.

हे वाक्य लिहायला मला इतके दिवस लागले. वहीची पानं फाडून फाडून ती अर्धी झाली.

जेवण झालं होतं. मी ओटीवर खुर्ची टाकून बसलो होतो, पाळणा समोरच टांगलेला. आगाशीच्या आतेभावाने लिहिलं होतं, 'नातू झाला तर पेढे, नात झाली तर जिलेबी, आम्हाला काहीही चालेल.' त्याला झणझणीत उत्तर द्यायचं म्हणून मी टाइप करत होतो. तेवढ्यात वरून तुझं नाव खाली आलं आणि मी लिहीत होतो ते झाकलं गेलं. मी लाल बटण दाबलं. मनात म्हटलं, घरचीच पोर आहे, करू नंतर. परत तुझं नाव आलं. परत दाबलं. थोडा वैतागलोसुद्धा. मग उत्तर पाठवलं, त्याने हसून लोळणारी तोंडं पाठवली, आणि तू माझ्या डोक्यातून गेलीस.

गाडी दारात उभी होती. किल्ली माझ्या खिशात होती. निमिष नाशिकला गेलेला, हे मला माहीत होतं. म्हणून तर तू मला लावलास ना फोन. आईचा तो बटणांचा फोन कधी चार्ज नसतो, हे तुलाही ठाऊक. तुझ्या शेजारच्या बेलाने तुला धरून लिफ्टमधून खाली नेलं, रिक्षा थांबवली. आपला माणूस म्हणून रिक्षात तुझ्या शेजारी मी असायला हवा होतो.

बेलाचा फोन आला तो मी पहिल्या रिंगला उचलला. का ते ऐक. अनोळखी नंबर होता. मला वाटलं, आणखी कोणीतरी अभिनंदन करतंय.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तू विचारलंस, "बाबा, फोन कोणी कट केला? दोनदा कट केला." आई माझ्या बाजूला उभी राहून थर्मास उघडत होती, तुझ्यासाठी पेज आणली होती. मी म्हणालो, "फोन आईकडे होता गं. व्हिडिओ बघत होती. तिला कळत नाही, चुकून दाबलं गेलं असेल." एका दमात म्हणालो. कान खाजवला की नाही, आठवत नाही. तू आईकडे बघितलंस. "एक दिवस ते बाजूला ठेवता आलं नाही तुला?" म्हणालीस आणि भिंतीकडे तोंड केलंस. आईने माझ्याकडे पाहिलं. मग थर्मासचं झाकण परत लावलं.

तिला माझा फोन उघडताही येत नाही, उन्नती. ती त्या वेळी वाडीत होती, चाफा काढत होती. तुझं काही बरंवाईट झालंय हे मी ओरडून सांगितलं तेव्हा ओंजळीतली फुलं तशीच पदरात टाकून धावत आली. तो वास गाडीत भरला होता. तुझ्याशी खोटं बोलून परत येताना मी वाट बघत होतो, ती आता बोलेल, आता शिव्या देईल. वसईचा फाटा आला तेव्हा म्हणाली, "काच वर करा, वारा लागतोय." कालपर्यंत तेवढंच बोलली होती त्या विषयावर.

आज सकाळी मीच विचारलं. गच्चीवर केळी मांडत होती. म्हटलं, "सुमन, तू गप्प का राहिलीस?" तिने हातातलं केळं मांडलं. मग म्हणाली, "आईवर रुसलेली लेक आज ना उद्या येते. बापाने खोटं सांगितलं हे कळलं तर कोणाकडे येईल? आधीच पोटातलं गेलेलं, त्यात बाप पण जायचा." आणि म्हणाली, "जरा सरका, सावली पडतेय केळ्यांवर."

मी तिथून उठलो आणि खाली येऊन हे लिहायला बसलो. भित्रा आहे मी. लोकांमध्ये खळखळाट करणारा आणि आत पाणी घोटाभर. फोन कट केला ती चूक होती, एखादवेळी तू माफ करशीलही. पण तुझ्या डोळ्यांसमोर, तुला सगळ्यात जास्त आई हवी होती त्या घटकेला, मी ती तुझ्यापासून काढून घेतली. तुझा माझ्यावरचा विश्वास जाऊ नये म्हणून. आणि नंतर दर रविवारी तुझं 'बाबा, बरे आहात ना' फुकटचं खात राहिलो.

माझ्याशी बोलू नकोस. मी समजेन. आईशी बोल. बंगळुरूला जाण्याआधी बोल.

फ्रान्सिस नाताळच्या गोठ्यासाठी सामान आणायला बाजारात निघालाय. त्याच्याबरोबर जाऊन हे टपालात टाकतो. त्याला सांगितलंय, मी मागे वळलो तर हात धर. एकटा गेलो तर अर्ध्या वाटेवरून परत येईन.

विलास
('तुझा बाबा' लिहायला धीर होत नाही.)


पापडी, ४ जानेवारी २०२६

उन्नती,

पत्र टाकल्यानंतरच्या रविवारी तुझा फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आई दाराशी उभी राहायची आणि मी वहीत लिहायचो, 'कारण : उन्नतीचा फोन येतो का बघायला.' एवढं एकच कारण त्या वहीत खरं आहे. पत्रात काय लिहिलं ते मी तिला सांगितलं होतं. त्या दिवशी तिने मला जेवायला वाढलं नाही. म्हणाली, "तुमचं तुम्ही घ्या." बरं वाटलं गं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ती माझ्यावर मोकळेपणी चिडली.

आज सकाळी तुझा फोन आला तेव्हा मी पहिली रिंग पुरी होऊ दिली नाही. 'उन्नती' म्हणालो. तू म्हणालीस, "आईला द्या."

'बरे आहात ना' नाही. 'बाबा' नाही. मी जिना चढून गच्चीवर गेलो. आई केळ्यांच्या शेवटच्या खेपेला बसली होती, दोन्ही हात कोपरापर्यंत चिकट. म्हणाली, "हात धुऊन येते." मी म्हटलं, "थांब, धुवायला जाऊ नकोस." फोन तिच्या कानाला धरला.

ती पहिलं काय म्हणाली ते तू ऐकलंसच. "जेवलीस का?" म्हणाली, सकाळचे नऊ वाजले असताना. मग तू रडायला लागलीस. तुझे शब्द मला कळत नव्हते, फक्त आवाज येत होता. हात लांब करून मी तोंड वळवलं होतं. ऐकायचा हक्क नव्हता आणि फोन सोडून जाताही येत नव्हतं. हात भरून आला तरी बदलला नाही, मध्येच कट झाला तर काय! आई म्हणत होती, "अगं, मला काय झालंय? मी आपली केळी उलटत होते." तिचे डोळे वाहत होते आणि चिकट हातांनी पुसता येत नव्हते. मी माझ्या बाहीने पुसले. तिने पुसू दिले.

मध्येच कावळा आला आणि ती फोनमध्येच ओरडली, "हाऽड मेल्या!" आणि तू हसलीस. तेवढं मात्र मला ऐकू आलं.

बोलून झाल्यावर आई म्हणाली, "बंद करा." मी अंगठा लाल बटणावर नेला. दाबवेना. आई केळ्यांकडे वळली होती. पलीकडे तूही ठेवला नव्हतास. तुझा श्वास येत होता. मग तूच ठेवलास.

आईने सांगितलं, बुधवारी बोलावलंयस तिला, सामान बांधायला. झालेली सुकेळी केळीच्या सुक्या सोपटात गुंडाळून तयार आहेत. मी तिला गाडीने आणून सोडीन आणि खाली गेटापाशी थांबेन. वर येणार नाही, बोलावलंस तरच. फोन घरी ठेवून येतोय, म्हणून मला फोन करू नकोस. आईची निघायची वेळ झाली की खिडकीतून नुसता हात कर.

मी वरच बघत असेन.

बाबा